पुतळ्या मोडू नयेत

पुणे

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्याकडे एक काम आहे. पण ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर पत्र अर्धवट टाकून गाडी काढशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत फोटो आणि लढाईच्या काळातली अकरा कार्डं. एक कार्ड माझ्या चुलतभावाने हौसेने लॅमिनेट करून ठेवलंय. आता ते प्रलयातही टिकेल, पण मागची शाई प्लास्टिकला चिकटून गेली. बाकीची मी उचलून पुण्याला आणली, त्यावरून घरात थोडी धुसफूस झाली ती झाली.

आमचे आजोबा मराठा पलटणीत होते हे तुला ठाऊक आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे ‘काली पाँचवीं’. 20 जून 1942 ला जर्मन सेनापती रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर जो घाव घातला तो नेमका यांच्याच मोर्चावर. पहाटे विमानं, पाठोपाठ रणगाडे. दुसऱ्या दिवशी गड पडला आणि सुमारे 33 हजार माणसं कैद झाली. आजोबा त्यातले एक. माणगावात व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, असायलाच हवा. पण पकडल्या गेलेल्याचा पुतळा कोण उभारतो? आमच्याकडे तर तो विषयच निघत नसे. फार छेडलं तर आजोबा म्हणायचे, “हात आम्ही नाही वर केले, वरच्यांनी केले.” की लगेच तंबाखू मळायला घेत.

कार्डं बहुतेक इटलीतली, अवेझानोच्या 91 नंबरच्या कॅम्पातली. तिथे हिंदी कैदी ठेवले होते. वर इटालियन छापील मजकूर, खाली निळ्या शाईत बाळबोध, आणि दोन्हीकडच्या सेन्सॉरचे शिक्के एकमेकांवर चढलेले. जिनिव्हाच्या 1929 च्या करारात कलमच होतं की कैदी छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी खुशालीचं कार्ड टाकू द्यायचं. टाकू दिलं असेलही, पण आमच्याकडे ते यायला दिवाळी उलटली. तोवर ‘बेपत्ता’ एवढी एकच तार. आजीने कुंकू पुसावं की नाही यावर भावकीत चर्चा झाली होती म्हणे, आणि आजीने ती चर्चा करणाऱ्यांना ओसरीवरून उठवलं होतं.

आता गंमत बघ. प्रत्येक कार्ड पणजोबांच्या नावाने आहे. ‘तीर्थरूप दादांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.’ पासून सुरुवात, मग खुशाली, मग गुरंढोरं. बायकोला नवऱ्याने पत्र लिहायचं म्हणजे त्या काळी सगळ्या वाड्याला तमाशा. आजीचा उल्लेख येतो तो ‘मुलीची आई’ म्हणून, तोही शेवटच्या ओळीत. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती कार्डं रुक्ष वाटली. सगळी सारखीच. मग एका दुपारी तारीखवार मांडून बसलो आणि ध्यानात आलं की ही उत्तरं आहेत, आणि हे प्रश्न पणजोबांचे असूच शकत नाहीत. एका कार्डात लिहिलंय, ‘पार्सलात आटा, डाळ, मसाल्याची पूड येते. भाकरी नाही. काळजी नसावी.’ आता तूच सांग, पणजोबा विचारतील की पोरगा काय खातो? ते विचारणार म्हशीची किंमत. दुसऱ्या एका कार्डात, ‘पायाच्या भेगांस आमसुलाचे तेल येथे कोठले, परंतु बूट बरे आहेत.’ त्यांच्या टाचा फुटतात हे घरात कुणाला माहीत असणार?

आजीला लिहिता येत नव्हतं. शाळेतले मास्तर लिहून द्यायचे, मजकूर पणजोबांचा, आणि ती पदराआडून मधेच एखादं वाक्य घुसवायची. तिचं एकही पत्र उरलेलं नाही, ती सगळी तिकडेच राहिली. तरी या उत्तरांवरून तिचे प्रश्न मागे मागे लावत गेलं की ती चांगली ऐकू येते. दोन्हीकडच्या सेन्सॉरच्या नजरेखालून, सासऱ्याच्या देखत आणि मास्तरच्या हाताने ती नवऱ्याशी बोलली.

सगळ्यात मला गुंतवलं ते एका कार्डाने. तारीख 1943 च्या पावसाळ्यातली. ‘मनिऑर्डर वेळेवर मिळते का ते लिहिणे. कसलीही अडचण आली तरी मुलीच्या आईने पुतळ्या मोडू नयेत.’ बस्स. पुढे पाऊसपाण्याची चौकशी.

ट्रंकेत दोन फोटो आहेत. पहिला कऱ्हाडच्या स्टुडिओतला, आजोबा समुद्रापार जायच्या आधीचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्यातरी राजवाड्याचा जिना. आजोबा खुर्चीत, टोपीवर शिंगाचा बिल्ला. आजी बाजूला उभी, सोळा-सतरा वर्षांची, डोळे इतके ताणलेले की फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हणून दम दिला असणार. गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ, भिंगातून बघितलं तर एकेक पुतळी मोजता येते. दुसरा फोटो 1946 चा, अंगणातला. आजोबा परत आलेत, गालफडं बसलेली. आजीच्या गळ्यात काळी पोत, एवढंच.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, “मामासाठी मोडल्या की.” आजीचा भाऊ, आमचे मामाआजोबा, नाना पाटलांच्या प्रतिसरकारात होते. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली, त्यानंतर धरपकडीचा नुसता धुमाकूळ. मामाआजोबा सापडले. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे वकिलाला द्यायला घरात दमडी नव्हती आणि सोन्याचं एवढंच होतं. म्हणजे बघ, एक सरकार आजीला नवऱ्याच्या पगाराची मनिऑर्डर पाठवत होतं आणि त्याच सरकारच्या तुरुंगातून भावाला सोडवायला तिने पुतळ्या मोडल्या. यातलं अवाक्षर ती पत्रात घालू शकत नव्हती. तरी आजोबांना वास लागला होता. तिच्या मजकुरात काय आलं असेल? ‘सोनाराकडे जाऊन आले’, की ‘भाऊ बरेच दिवसांत आला नाही’? मी यावर रात्र रात्र विचार करतो, बायको हसते.

अंगणातल्या फोटोत मामाआजोबाही आहेत, गांधी टोपीत, मेहुण्याच्या खांद्याला खांदा लावून. आत्या पाच वर्षांची, आणि तिने बोट धरलंय ते मामाचं. बापाकडे ती तिरक्या नजरेने बघतेय, हा कोण माणूस आलाय आमच्या घरात, अशी.

पुढे हे दोघे पारावर बसून भांडत. मामाआजोबा चिडवायचे, “जर्मनीपर्यंत गेलास आणि नेताजींच्या फौजेत शिरला नाहीस?” आजोबांचं उत्तर ठरलेलं, “मी पोचलो तोवर तुमचे नेताजी पाणबुडीत बसून गेले होते.” ते खरंच आहे. सुभाषबाबूंनी फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मनी सोडली. इटली शरण आली सप्टेंबरात, आणि जर्मनांनी कैदी उत्तरेला हलवले ते त्यानंतर.

आता तुझं काम. शेवटचं कार्ड वेगळंच आहे. रंगीत चित्राचं, बर्फाचा डोंगर आणि एक गाय. तारीख 1 जून 1944, शिक्का स्वित्झर्लंडचा. ‘आगीतून निघालो. सुखरूप आहे. येथील गाई फार दूध देतात.’ घरात यावर विनोद होता की आजोबा लढाई सोडून स्वित्झर्लंड बघायला गेले. पण तारीख जुळवली तर एकच गोष्ट बसते. फ्रान्समध्ये एपिनाल गावी जर्मनांनी तीन हजारांवर हिंदी कैदी ठेवले होते. 11 मे 1944 ला अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले, ते छावणीवरही पडले, आणि भिंती कोसळल्या तशी पोरं पळाली. काही मेली, बरीच परत पकडली गेली, पण सुमारे पाचशे जण रानावनातून चालत स्विस सरहद्दीपलीकडे पोचले. भाषा येत नाही, रंग लपत नाही. शेतकऱ्यांनी खाऊ घातलं, गोठ्यात निजवलं. एटोबों नावाचं एक छोटं खेडं यात पुढे होतं. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला जर्मनांनी त्या गावचे 39 पुरुष शेजारच्या शेनबियेच्या चर्चच्या भिंतीशी उभे करून मारले, गाव भूमिगतांना सामील होतं म्हणून.

आजोबा एटोबोंवरूनच गेले असं माझं म्हणणं नाही. वाटा पुष्कळ होत्या. पण स्वित्झर्लंडच्या बाझेलहून ही गावं तुला गाडीने फार लांब नाहीत. एक शनिवार काढ. एपिनालमध्ये छावणीच्या जागी आज काय आहे ते बघ, आणि एटोबोंत जे काही स्मारक असेल त्याचे फोटो काढ. व्हॉट्सॲपवर नको, तिथे फोटो पार बारीक होऊन येतात, मेल कर. सगळ्या कार्डांचे स्कॅन मी तुला वेगळे पाठवतोय. लॅमिनेट केलेलंही आहे, त्यावरची चौथी ओळ लागते का बघ. मला ‘विहीर’ वाटतं, आत्याला ‘वहिनी’.

आणि हो, आत्याला हे सगळं सांगितल्यापासून तिने एकच धोशा लावलाय, त्या गावाला काहीतरी पाठवायचं. शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, किलोभर. वहिनींचा भाऊ पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतोय ना, त्याच्या बॅगेत घालतो. कस्टमवाल्यांचं आणि तिकडे ती द्यायची कुणाला, त्याचं काय ते तू बघ.

वहिनींना नमस्कार, पिल्लाला गोड पापा.

तुझा,
अन्या