मेलेल्यांना न्याय कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऐन ईस्टरच्या दिवशी आपल्या रविवार पुरवणीत परलोकावरचा तो लेख आला. पहाटेची उपासना दफनभूमीत करून, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुले ठेवून आम्ही घरी परतलो आणि हे वाचावे लागले. लेखकांना पुनरुत्थान पटत नसेल तर माझी हरकत नाही. पण स्वर्गाची आशा धरणारा गरीब माणूस इथल्या अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, हे त्यांनी कशाच्या आधारावर लिहिले?

माझा धाकटा भाऊ सातपूरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. पावसाळ्याआधी शेडचे पत्रे बदलायला त्याला वर चढवले. सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली फुटला आणि तो खाली मशीनवर पडला. कमरेला पट्टा नव्हता, खाली जाळी नव्हती. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, त्याचे नावच घातलेले नव्हते, हे तो गेल्यावर कळले. कामगार स्वतःहून वर चढला, अशी नोंद मात्र लगेच तयार झाली होती.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस घरी आला, पाकीट आणि टाइप केलेला कागद घेऊन. भावजय आतल्या खोलीत होती, तिची मुलगी अजून अंगावर पीत होती. तो आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही ख्रिस्ती माणसं, तुमचा विश्वास आहे. पोरगा देवाच्या घरी सुखात आहे. कोर्टकचेऱ्या करून तो परत येणार आहे का? सही करा आणि मोकळ्या व्हा." आईने पाकीट उघडलेसुद्धा नाही. म्हणाली, "तो देवाच्या घरी आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सही करत नाही. तो मला भेटेल तेव्हा त्याला काय सांगू?"

आपल्या लेखकांचे आणि त्या माणसाचे मत एकच आहे. स्वर्ग मानणारी बाई इथला हक्क सोडून देईल, असे दोघांनाही वाटते.

आई चौथी शिकलेली. साडीच्या दुकानातल्या पिशवीत तिचे सगळे असायचे: हजेरीकार्डाची झेरॉक्स, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि बायबलमधला नवा करार. कामगार न्यायालयाच्या बाकावर पुकारा होईपर्यंत ती याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायची. राबणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे परमेश्वराच्या कानी गेले आहे, असे तिथे धनवानांना बजावले आहे. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदाही तिला तोंडपाठ झाला होता. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, विनाकारण अडवली तर निम्म्यापर्यंत दंड, ठेकेदार देत नसेल तर मूळ मालक जबाबदार. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी निकाल लागला, पैसे भावजयीला मिळाले. ते पाहायला आई राहिली नाही.

हा न्याय झाला का? माझ्या मते नाही. न्यायालय फार तर मागे राहिलेल्यांना काही देते. जो गेला त्याला काय देते? भावाला मुलीचे पहिले पाऊल बघायला मिळाले नाही, याची भरपाई कोणत्या कलमाखाली होते? मरणाने सगळे संपत असेल, तर पट्ट्याचे पैसे वाचवणारा कायमचा जिंकला आणि माझा भाऊ कायमचा हरला. आम्ही हे मान्य करत नाही. करिंथकरांना लिहिताना पौल नुसत्या आत्म्याच्या सुखाबद्दल बोलत नाही, शरीर उठवले जाईल असे म्हणतो. आणि ज्याच्या भरवशावर तो हे म्हणतो, तो स्वतः निर्दोष असताना शिक्षा भोगून मेला होता. त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.

आमच्या मंडळीतल्या लोकांनीही आईला कमी दुखावले नाही. देवाची इच्छा, असे सगळेच म्हणाले. एकाने तर घरात काही पाप आहे का ते तपासा, असे सुचवले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, हे येशूनेच विचारले आणि नाही असे उत्तरही त्यानेच दिले. लाजराला आपण उठवणार हे माहीत असूनही त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. मग आईने डोळे का पुसायचे होते?

लेखक नाशिकचेच आहेत, म्हणून शरणपूरची आठवण देते. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन उभे राहिले, त्यात नाशकातून गेलेली माणसे होती. स्वर्गाची शिकवण त्यांनी इथेच घेतली होती. ती घेऊन ते हातावर हात ठेवून बसले नाहीत.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. आईची निधनवार्ता आपल्याच अंकात आली, तिच्यात 'अंत्यसंस्कार अमरधाम येथे' असे छापले. आम्ही दिलेल्या मजकुरात दफनभूमी आणि वेळ स्पष्ट लिहिली होती. भावाचे सोबती पाळी सोडून पंचवटीत अमरधामच्या स्मशानात जाऊन उभे राहिले आणि इकडे आईचे दफन उरकले. त्यांच्यातल्या दोघांनी नोकरी धोक्यात घालून आमच्या खटल्यात साक्ष दिली होती. त्यांना आईवर मूठभर माती टाकता आली नाही. दुरुस्ती छापू, असे आपल्या कार्यालयात सांगितले, ती आजवर आली नाही. ख्रिस्ती किंवा मुसलमान घरातली निधनवार्ता घेताना दफन कुठे, एवढे विचारून घ्यावे. आणि हे पत्र न कापता छापावे.

आपली,
एक वाचक, शरणपूर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे.)