दूध बंद केलेल्या बाळाचे बी-12

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे लहान मुलांसाठी व्हीगन (म्हणजे दूध-तुपासह प्राणिजन्य काहीच नसलेल्या) पाककृती येऊ लागल्या आहेत आणि त्यांतल्या काही आमच्या घरी करूनही पाहिल्या जातात, कारण माझा मुलगा आणि सून तीन वर्षांपूर्वी व्हीगन झाले आणि आता त्यांची सव्वा वर्षाची मुलगीही तेच जेवते. मी स्वतः दूध संघात बत्तीस वर्षे नोकरी केली. म्हशीच्या दुधाची फॅट तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याच्याच नातीला दुधाचा थेंब नाही, यावरून आमच्या नात्यागोत्यात किती चर्चा झाली असेल, ते वेगळे सांगायला नको. ती वर्षभर ऐकल्यावर माझे असे मत झाले आहे की दूध हवेच म्हणणारे आणि डाळ-भाकरीत सगळे असते म्हणणारे, दोघेही भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत.

पहिला प्रश्न नेहमी कॅल्शियमचा येतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मान आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120, हे आकडे ऐकून व्हीगन मंडळी खूश होतात. पण सव्वा वर्षाचे मूल दिवसभरात जेमतेम तीस ग्रॅम नाचणी खाते आणि त्यातलेही सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, हे कोणी सांगत नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून दळली तर ते थोडे अधिक मिळते, म्हणजे आपल्या आजीच्या नाचणीसत्वामागे शास्त्र होते. उरलेली भर तीळ, राजगिरा आणि कॅल्शियम घातलेले सोयापेय यांनी करता येते. प्रथिनांचे गणित त्याहून सोपे आहे. मऊ वरणभात, शेंगदाण्याचे कूट आणि टोफू (सोयाबीनचे पनीर) मुलाला आवडत असेल तर तिथे अडत नाही. अडते ते स्निग्धांशापाशी. एवढ्याशा पोटात कोंड्याची भाकरी आणि सालीची कडधान्येच भरली तर पोट भरते पण मूल वाढत नाही, म्हणून घरात तूप नसेल तर प्रत्येक घासाला तेल, खोबरे किंवा तिळाचे कूट सढळ हाताने हवे.

लोहाबाबत दूधवाल्यांनी फार बोलू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला आणि ती काही व्हीगन घरांतली मुले नव्हेत. उलट बाटलीभर दुधावर पोट भरणाऱ्या मुलालाच लोह कमी पडते. वरणावर लिंबू पिळावे आणि आजोबांच्या बशीतला चहा नातीला पाजू नये, हे नियम मी स्वतः पाळतो (दुसरा नाइलाजाने).

खरा मुद्दा आहे जीवनसत्त्व बी-12, आणि नेमका तोच या पाककृतींत कुठे नसतो. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते जंतू तयार करतात, गाई-म्हशींच्या पोटातल्या जंतूंकडून ते दुधात उतरते आणि शाकाहारी घरात तेवढ्या एकाच वाटेने येते. मोड आलेली कडधान्ये, इडली, आंबील यांवर त्यासाठी विसंबता येत नाही आणि स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पुडीत जे असते ते बहुतांशी बी-12 सारखे दिसणारे पण शरीराला न उपयोगी पडणारे द्रव्य असते. दूध चालणाऱ्या घरांतही ही वाट किती अरुंद आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी 1993 पासून जवळपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिसले. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-12 कमी होते. आईत कमी म्हणजे अंगावरच्या दुधातही कमी. अशी बाळे आधी सुस्त होतात, हसणे-बसणे शिकलेले विसरतात, बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडते, आणि काहींना कंप सुटतो. त्यात एक फसगत अशी की पालेभाज्या आणि डाळींतून भरपूर मिळणारे फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व बी-12 अभावी रक्तात होणारा दोष झाकून ठेवते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

आमच्या सुनेने गरोदरपणापासून बी-12 च्या गोळ्या घेतल्या आणि नातीला बालरोगतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात थेंब दिले जातात. बाटली देवघरातल्या निरांजनाशेजारी ठेवलेली असते, म्हणजे दिवेलागणीला कोणीही विसरत नाही. व्हीगन आहार मुलांना योग्य की अयोग्य यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये तो नीट आखल्यास सर्व वयांना चालतो असे म्हटले होते, तर बेल्जियमच्या वैद्यकीय अकादमीने 2019 मध्ये मुलांसाठी त्याला विरोध केला. पण तो द्यायचाच असेल तर बी-12 वेगळे द्यावे लागते, याबद्दल या दोन्ही गटांत दुमत नाही.

दुधाऐवजी बाजारात मिळणाऱ्या पेयांच्या खोक्यांबद्दलही लिहायला हवे. बदामपेयात बहुतेक पाणीच असते. शंभर मिलिलिटरला प्रथिने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर सोयापेयात सुमारे तीन ग्रॅम. तांदळाचे पेय तर त्यातील आर्सेनिकमुळे पाच वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी देऊ नये, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. 2022 च्या नियमांनुसार खोक्यावर व्हीगनचे हिरवे चिन्ह असते, पण ते एवढेच सांगते की आत प्राणिजन्य काही नाही; आत कॅल्शियम आणि बी-12 घातले आहे की नाही, हे मागच्या बारीक अक्षरांतच शोधावे लागते.

म्हणून विनंती अशी की पुरवणीतील अशा प्रत्येक पाककृतीखाली ‘बाळाला, आणि आई अंगावर पाजत असेल तर तिलाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 सुरू असावे’ एवढी ओळ ठळक अक्षरांत छापावी. शिवाय मध्यंतरी एक वर्षावरील मुलांसाठी दिलेल्या नारळदुधाच्या खिरीवर अख्खे काजू पेरायला सांगितले होते. या वयात ते घशात अडकतात. कृपया तिथे काजूची पूड अशी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, सांगली