आराखडा दुप्पट केला म्हणून विमान दुप्पट होत नाही

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांवर लेख आला होता. दीड मीटर पंखांचा आराखडा दुप्पट छापून घ्या, लाकूडही दुप्पट जाडीचे घ्या, की तीन मीटरचे विमान तयार, असा त्यात सल्ला होता. छापण्यापर्यंत ठीक. पण लाकडाबाबतचा सल्ला जसाच्या तसा पाळला, तर विमान उडेल कदाचित, उतरताना मात्र आदळेल.

लांबी दुप्पट झाली की पंखांचे क्षेत्रफळ 4 पट होते, आणि सगळे लाकूड त्याच प्रमाणात जाड केले तर वजन 8 पट. मूळ विमान 2.2 किलोचे आणि पंख 40 चौरस डेसिमीटरचे धरले, तर दर चौरस डेसिमीटरवर 55 ग्रॅम भार येतो. दुप्पट केल्यावर वजन 17.6 किलो, क्षेत्रफळ 160 आणि भार थेट 110 ग्रॅम. म्हणजे हवेत टिकायला लागणारा किमान वेग 1.4 पट वाढला. वजन 8 पट आणि वेगाचा वर्ग 2 पट, तेव्हा जमिनीला लागणारा दणका 16 पट. हेच विमान जपून बांधले तर 11 किलोंच्या आसपास बसते आणि भार 69 ग्रॅमवर राहतो.

हे सहा-साडेसहा किलो वाचवायचे कुठे? रिबमध्ये. रिब म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी फळी. छोट्या विमानातली 3 मिमीची बाल्सा (अतिशय हलके लाकूड) रिब ताकदीसाठी तेवढी जाड नसते. हाताळताना मोडू नये आणि गोंदाला जागा मिळावी, एवढ्यासाठीच असते. मोठ्या पंखातही 3 मिमी पुरते, वर मधे भोके पाडून ती आणखी हलकी करता येते. धडाचे फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणारे आडवे तुकडे, हेही 3 मिमीच्या हलक्या प्लायवूडचे, मधला भाग कापून नुसत्या चौकटीसारखे ठेवावेत.

स्पारचे, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य कण्याचे, गणित मात्र उलटे. जपून बांधले तरी वजन 5 पट (2.2 वरून 11 किलो) आणि पंखाची लांबी 2 पट, म्हणजे मुळाशी पंखाला वाकवणारा जोर 10 पट. स्पारच्या पट्ट्या दोन्ही मापांनी दुप्पट केल्या, तर त्यांचा छेद 4 पट आणि वरच्या-खालच्या पट्टीतले अंतर 2 पट, म्हणून ताकद 8 पटच वाढते. तेव्हा जिथे दुप्पट पुरत नाही अशी जागा हीच, आणि नेमकी तिथेच लोक काटकसर करतात. मुळाकडच्या एक तृतीयांश भागात पट्टी जाड घ्यावी, आणि दोन पट्ट्यांमधला पडदा दीड मिमी बर्च प्लायवूडचा करावा. पुढे टोकाकडे बाल्सा चालतो, पण त्याचे रेषे उभेच हवेत. आडव्या रेषांचा पडदा जोर पडताच रेषांच्या दिशेने चिरतो आणि पंख दुमडतो.

बाल्सा विकत घेताना वजनकाटा जवळ असावा. 1000 × 100 × 3 मिमीची एक पट्टी 30 ग्रॅमही भरते आणि 60 ग्रॅमही. दिसायला दोन्ही सारख्याच. हलक्या पट्ट्या शेपटीसाठी बाजूला काढाव्यात. गुरुत्वमध्यापासून (जिथे विमान तोलून राहते त्या बिंदूपासून) शेपटी दीड मीटर मागे आणि बॅटरी ठेवायची जागा अर्धा मीटर पुढे असेल, तर शेपटीत चढलेल्या प्रत्येक 100 ग्रॅमसाठी नाकात 300 ग्रॅम शिसे घालावे लागते. शेपटीवर सढळ हाताने थापलेले इपॉक्सी असे चौपट महाग पडते.

आता छपाई. लांब कागद रुळांवरून जाताना ताणला जातो. अर्धा टक्का फरक पडला तरी दीड मीटरच्या अर्ध्या पंखात साडेसात मिमी चूक येते, आणि वेगळ्या कागदावर छापलेल्या रिबमधल्या खाचा स्पारशी जुळत नाहीत. कागदावर मोजपट्टी लावून मोजण्याऐवजी लिहिलेले आकडे प्रमाण मानावेत. आराखड्यात बहुधा एकच पंख काढलेला असतो. दुसऱ्यासाठी कागदावर तेल चोळून तो पारदर्शक करावा आणि उलटा पसरावा. दोन उजवे पंख बांधून झाल्यावर ही आठवण फारशी कामाची नसते!

पंखाच्या टोकाशी मागची कड 2 अंशांनी वर उचललेली हवी, म्हणजे आधी टोक उचल सोडत नाही. टोकाची रुंदी 350 मिमी असेल तर मागच्या कडेखाली 12 मिमीचा ठोकळा ठेवावा. पुढच्या भागावर बाल्साचे पत्रे चिकटवून गोंद पूर्ण वाळेपर्यंत पंख फळीवरून उचलू नये. तिथे बसलेला पीळ नंतर निघत नाही.

नियंत्रण-पृष्ठांवर, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या झडपांवर, येणारा जोर त्याच वेगालाही 8 पट होतो. म्हणून ती हलवणारी 3 किलो-सेंमीची छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, जिथे चालत होता, तिथे 20 ते 25 किलो-सेंमीचा लागतो. एलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पृष्ठाच्या) दोन भागांना दोन वेगळे सर्व्हो द्यावेत. जोडणीत किंचित जरी ढिलेपणा राहिला तर वेगात पृष्ठ फडफडू लागते आणि काही सेकंदांत उखडून जाते. बिजागरीतली फट पट्टीने बंद करावी.

पेट्रोल इंजिन असेल तर सिलिकॉनची नळी वापरू नये, ती पेट्रोलमध्ये फुगते. इग्निशनला (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला) बॅटरी आणि स्विच स्वतंत्र हवेत, आणि रिसीव्हरपासून (रेडिओचे संदेश घेणाऱ्या भागापासून) ते किमान 30 सेंमी दूर ठेवावे. रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन स्विच. रेंजची चाचणी इंजिन चालू ठेवूनही घ्यावी, कारण इग्निशनचा त्रास तेव्हाच कळतो.

पुरवणीत छापलेल्या आराखड्यावर मोजमापाची एकही रेघ नव्हती, त्यामुळे तो किती पट मोठा करायचा हे वाचकाला ठरवताच येत नाही. पुढच्या वेळी आराखड्याच्या आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही कडांना 100 मिमीची एकेक रेघ छापावी, ही विनंती.

– एक वाचक