फलकावर वीस चेहरे, गुन्हा मात्र ‘अज्ञात इसमा’वर: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: विनापरवाना राजकीय फलक उतरवण्याचा खर्च फलकावरच्या नावांकडून वसूल करण्याबाबत.

महोदय,

राजकीय फलकांसाठी नवा कायदा करा, अशी आमची मागणी नाही. कायदे भरपूर आहेत. फलकांना परवानगी सक्तीची करणारी कलमे आहेत: मुंबई वगळता बाकी महानगरपालिकांना 1949 च्या महानगरपालिका अधिनियमातली 244 आणि 245; मुंबईला 1888 च्या अधिनियमातली 328 आणि 328-अ. मालमत्ता विरूपणाला प्रतिबंध करणारा 1995 चा कायदा आहे, जाहिरात फलकांचे 2022 चे आकाशचिन्ह नियम आहेत, बेकायदा फलकांविरुद्धच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी दिलेला निकाल आहे. तरी चौक झाकलेलेच आहेत. कारण साधे आहे: कारवाई फलकावर होते, लावणाऱ्यावर होत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. तक्रार आली की क्षेत्रीय कार्यालयाचे पथक गाडी घेऊन जाते, चार कोपऱ्यांवर कटर फिरवते, फ्लेक्स गुंडाळून गोदामात टाकते. लोखंडी चौकट किंवा फुटपाथचे ब्लॉक उखडून रोवलेले बांबू तिथेच राहतात, कारण ते काढायला वेळ लागतो आणि गाडीत जागा नसते. दुसऱ्या दिवशी त्याच चौकटीवर नवा फ्लेक्स चढतो. पोलिसांत तक्रार गेलीच तर ती पुष्कळदा ‘अज्ञात इसमा’विरुद्ध. फलकाच्या वरच्या पट्टीत नेत्यांचे चेहरे, मधोमध वाढदिवसाचे मानकरी, खाली पासपोर्ट आकाराच्या फोटोंच्या दोन ओळी, प्रत्येकाखाली नाव, पद, प्रभाग क्रमांक. काहींनी मोबाईल नंबरही दिलेला असतो. इतका ओळखीचा अज्ञात इसम पोलिसांना एरवी भेटत नसेल.

पैशांचा हिशेबही फलक लावणाऱ्याच्याच बाजूचा आहे. दहा बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे शंभर चौरस फूट. चौरस फुटाला दहा-पंधरा रुपये धरले तर छपाई हजार-दीड हजारात होते. 1995 च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 2000 रुपये आहे, आणि तोही खटला चालून दोष सिद्ध झाल्यावर. तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण तिची धास्ती कोणी घेतलेली दिसत नाही.

ज्याची धास्ती घेतील अशी तरतूद 1949 च्या अधिनियमातच, कलम 10 मध्ये आहे. महापालिकेची कोणतीही थकबाकी, आयुक्तांची विशेष नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही, तर ती व्यक्ती नगरसेवकपदासाठी अपात्र ठरते. ‘कोणतीही’ म्हणजे फक्त घरपट्टी-पाणीपट्टी नव्हे. फलक उतरवण्याचा खर्च त्या व्यक्तीकडून कायदेशीर येणे ठरला, तर ‘भावी नगरसेवक’ असे छापणारा माणूस छापण्याआधी परवान्याची पावती शोधेल.

अडचण ‘येणे ठरला तर’ यातच आहे. आज बिल पाठवले की उत्तर येते, ‘मी लावला नाही, कार्यकर्त्यांनी प्रेमाने लावला.’ म्हणून 2022 च्या नियमांत एवढी भर घालावी: विनापरवाना फलकावर शुभेच्छुक किंवा निमंत्रक म्हणून ज्यांची नावे आहेत आणि ज्याचे अभिनंदन आहे, त्या सर्वांनी तो लावला असे गृहीत धरले जाईल आणि खर्च त्यांच्यात समान वाटला जाईल. ज्याला हे मान्य नाही त्याने कळवल्यापासून 48 तासांत लेखी नकार द्यावा आणि आपले नाव-फोटो परस्पर वापरल्याची पोलीस तक्रार जोडावी. खरोखर अंधारात असलेला सुटेल. बाकीचे आपल्याच कार्यकर्त्यावर तक्रार करायला धजणार नाहीत.

हे टिकायचे तर पंचनामा नीट हवा. सध्या फ्लेक्स कापला की पुरावाही त्याच्यासोबत गुंडाळला जातो. कटर लावण्याआधी तीन फोटो घ्यावेत: संपूर्ण फलक, खालच्या नावांची पट्टी जवळून, आणि खांब किंवा दुकानाची पाटी दिसेल असा लांबून. फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटणारे अ‍ॅप बहुतेक कर्मचाऱ्यांच्या मोबाईलमध्ये आहेच. लांबी-रुंदी टेपने मोजावी. बिलात गाडी, मजूर आणि उखडलेला फुटपाथ पूर्ववत करण्याचा खर्च वेगवेगळा दाखवावा. ठोक रक्कम लिहिली की अपिलात अडकते. चौकट जप्त केल्याशिवाय पंचनामा पूर्ण धरू नये.

छपाईचा धागाही सोडू नये. निवडणुकीच्या पत्रकांवर आणि भित्तिपत्रकांवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ नुसार सक्तीचा आहे. निवडणूक संपली की ही सक्तीही संपते आणि खरा हंगाम सुरू होतो: वाढदिवस, दहीहंडी, निवडी, श्रद्धांजल्या. फ्लेक्स छापणाऱ्याने परवानगी क्रमांक, मुदत आणि दुकानाचे नाव खालच्या उजव्या कोपऱ्यात बारा महिने छापलेच पाहिजे, असे नियमात यावे. छपाईवाले याला विरोध करतील असे समजू नका. उधारीवर, रात्री अकराला येणारी ‘दादांची अर्जंट ऑर्डर’ नाकारायला त्यांना सरकारी कारण हवेच आहे.

परवानगी तपासण्यासाठी फलकावर छापायच्या क्यूआर कोडबद्दल दोन गोष्टी. कोड वाचता येण्याचे अंतर साधारणपणे त्याच्या रुंदीच्या दहापट असते. पाच मीटर लांबून वाचायचा कोड अर्धा मीटर रुंद हवा. कोपऱ्यातला दोन इंची ठिपका फक्त शोभेचा. दुसरे, एकाच परवानगीचा कोड चाळीस फलकांवर डकवता येतो. त्यामुळे कोड उघडल्यावर महापालिकेच्याच पानावर मंजूर जागेचा फोटो, आकार आणि शेवटची तारीख दिसली पाहिजे, म्हणजे समोरचा फलक तोच आहे की नाही हे उभ्या उभ्या कळेल.

आता वाऱ्याविषयी, कारण इथे जीव जातात. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसे गेल्यानंतर सगळी चर्चा महाकाय होर्डिंगांची झाली. दुभाजकावर सुतळी आणि बाइंडिंग वायरने बांधलेल्या दहा बाय दहाच्या चौकटीला मात्र कुठलाही अभियंता दाखला देत नाही. तिचे क्षेत्रफळ 9.3 चौरस मीटर. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे दीडशे किलोचा रेटा येतो, 90 च्या वाऱ्यात साडेतीनशेचा, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वळवाच्या पावसाआधीच्या वावटळीत असा वेग सहज येतो. फ्लेक्सला अर्धचंद्राकृती काप दिले की वारा निघून जातो, हा समज खोटा आहे. रेटा फारसा घटत नाही आणि फ्लेक्स मात्र तिथूनच फाटू लागतो. सप्टेंबर 2019 मध्ये चेन्नईत एका राजकीय कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा फलक स्कूटरवरच्या 23 वर्षांच्या तरुणीवर कोसळला आणि ती मागच्या टँकरखाली गेली. म्हणून दुभाजक, सिग्नलचे खांब, विजेचे खांब आणि झाडे यांवर परवानगीच नसावी, अनामत भरली तरी.

लहान पक्षांनी आणि अपक्षांनी दिसायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक प्रभागात महापालिकेने पक्क्या, जमिनीत रोवलेल्या फळ्या उभाराव्यात आणि उमेदवारांना चिठ्ठी काढून सारखी जागा द्यावी. जपानमध्ये निवडणुकीची भित्तिपत्रके अशाच क्रमांक घातलेल्या फळ्यांवर लागतात.

यंत्रणेकडे माणसे नाहीत, हे कारण कृपया ऐकून घेऊ नका. आचारसंहिता लागली की हीच माणसे सरकारी मालमत्ता 24 तासांत, सार्वजनिक जागा 48 तासांत आणि खासगी मालमत्ता 72 तासांत मोकळी करतात.

राहिला आपल्या छायाचित्राचा प्रश्न. सत्तेतल्या मंत्र्याचा फोटो वरच्या पट्टीत असला की पथक फलकाला हात लावण्याआधी वरिष्ठांना फोन करते, आणि तो फोन खाली परत येईपर्यंत कार्यक्रम उरकलेला असतो. ‘माझे छायाचित्र असलेला विनापरवाना फलक विचारणा न करता उतरवावा’ असे एका ओळीचे पत्र, आपल्या सहीने, राज्यातल्या सर्व आयुक्तांना या आठवड्यात पाठवावे आणि ते महापालिकांच्या संकेतस्थळांवर लावायला सांगावे. त्याला ना अधिसूचना लागते, ना मंत्रिमंडळाची बैठक.

आपले,
परवाना, छपाई आणि बांधकाम या कामांतले काही नागरिक