मांजराचं पिल्लू रात्रभर रडतंय म्हणून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तुमच्या दोघांपेक्षा त्या पिल्लाचाच आवाज जास्त येत होता. त्यात आईचं ‘भूक लागली असेल गं’ आणि बाबांचं ‘रडू दे, दमलं की झोपेल’ एकदमच चालू होतं. नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय.

आईने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तेव्हा ते ६५० ग्रॅम भरलं आणि बाबांच्या बोटाला दातही टोचले. म्हणजे साधारण ६ आठवड्यांचं असावं. या वयाची पिल्लं अजून आईला सोडत नाहीत. चार दिवसांपूर्वीपर्यंत ते आई-भावंडांच्या ढिगात झोपत होतं. ती ऊब एकाएकी गेली, म्हणून त्यांनाच हाका मारतंय. आमच्या मनीला पहिल्या रात्री मी बाथरूममध्ये बंद केलं होतं, सवय होईल म्हणून. पहाटेपर्यंत ती दार खरवडत राहिली आणि सकाळी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. अजून ते आठवलं की लाज वाटते.

तेव्हा त्याचं खोकं तुमच्या पलंगाशेजारी घ्या. गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, सगळीकडे नको. उकडलं तर बाजूला सरकायला त्याला जागा हवी. बाबांचा जुना स्वेटर आत टाका, न धुतलेला.

आई, ते बशीतलं दूध मात्र बंद कर. गाईम्हशीचं दूध पिल्लांना नीट पचत नाही. जुलाब होतात आणि एवढ्याशा अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं. मांजराच्या पिल्लांचं ओलं खाणं मिळतं, ते कोमट करून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं दे, शेवटचं तुम्ही झोपायच्या आधी. पाण्याची वाटी वेगळी. खायला घालण्याआधी कान आणि पंजे हाताला लावून बघ. गार लागले तर आधी ऊब, मग खाणं. अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही.

पोट भरलं, ऊबही आहे, तरी रडतंय? मग शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये काय चाललंय ते पाहा. सारखं जाऊन बसतंय, जोर करतंय आणि काहीच होत नाहीये, असं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पोट ढोलासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय, असं असेल तर बहुधा जंत. जंताचं औषध डॉक्टर वजन बघून देतील, अंदाजाने देऊ नका. एकदा दाखवून यायचंच आहे, लसीचंही तेव्हाच विचारा.

आणि बाबा, तुमचं ते ‘दमलं की झोपेल’. खेळून, खाऊन झोपलं तर प्रश्नच नाही. पण रडून रडून गप्प झालं, मान टाकली, समोर ठेवलेलं हुंगतही नाही, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, तर ती झोप नव्हे. इतक्या लहान जिवाची साखर फार पटकन उतरते. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्री न्या. मला त्याच्या रडण्यापेक्षा अशा गप्प होण्याची भीती जास्त वाटते.

हे सगळं ठीक असेल, तर मात्र प्रत्येक म्यावला धावू नका. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, ते बहुतेक आपल्यासाठीच राखून ठेवतात. पहाटे चारला ओरडलं की वाटी भरते हे एकदा कळलं, की रोज चारला उठवेल. त्यापेक्षा झोपण्याआधी दहा मिनिटं खेळवा, लगेच खायला द्या. दोरीने खेळवलंत तर नंतर ती उचलून ठेवा, पिल्लं दोरी गिळतात.

आता तुमच्याबद्दल. ते अंधारात पायात पायात येणार आणि बाबांचा गुडघा आधीच तक्रार करतोय. रात्री बारीक दिवा लावूनच ठेवा. उठताना आधी चष्मा, मग पाय खाली.

आठवड्यात साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. रविवारी फोन करेन, तेव्हा काट्यावरचा आकडा सांगा. आणि बाबा, ‘मला काही त्याचा लळा नाही’ म्हणालात, मग मागून ‘ये रे, ये इकडे’ कुणाला चाललं होतं?

तुमची लेक