मंत्रीमहोदय, पाडण्याआधी एकदा पुलाखाली उतरा

मा. मंत्रीमहोदय, रस्ते व पूल खातं,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खात्याने जुने दगडी कमानीचे पूल "आयुष्य संपलेले" म्हणून पाडायला काढलेत, त्याबद्दल हे पत्र आहे. मी गेली वीस वर्षं अशा पुलांची तपासणी आणि दुरुस्ती करतोय. सगळेच पूल वाचवा असं मी म्हणत नाही, काही खरंच धोक्यात आहेत, पण ज्या कारणाने ते धोक्यात आहेत ते कारण तुमच्यासमोर येणाऱ्या रिपोर्टमध्ये नसतं आणि जे कारण लिहिलेलं असतं, म्हणजे पुलाचं वय, त्याने कमानीचा पूल सहसा पडत नाही.

रोममधला फॅब्रिचियो पूल इसवी सनापूर्वी 62 मधला आहे आणि आजही लोक त्याच्यावरून चालत जातात. चीनमधला आन्जी पूल साधारण 605 साली ली चुन नावाच्या कारागिराने बांधला, एकाच कमानीत जवळपास 37 मीटर, उंची फक्त सातेक मीटर, म्हणजे किती पसरट कमान बघा! त्याने मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर छोट्या छोट्या कमानी मोकळ्या ठेवल्या, त्यामुळे वजनही कमी झालं आणि पूर आला की पाण्याला जायला वाटही मिळाली. शिवाय मोठी कमान शेजारी शेजारी लावलेल्या 28 पट्ट्यांची आहे, एखादी पट्टी खराब झाली तर बाकीच्यांना फार धक्का न लावता दुरुस्त करता येते. दुरुस्तीचा विचार करून बांधलेला पूल, चौदाशे वर्षांपूर्वी.

हे टिकतं कसं? दगड दाबला तर प्रचंड सोसतो, ओढला तर पटकन तुटतो. दगडाची लांब लादी दोन टेक्यांवर आडवी ठेवली तर तिची खालची बाजू ताणली जाते आणि ती तिथूनच मोडते. कमानीत तसं होत नाही, तिथे प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबत असतो आणि वरचं वजन तिरकं होत होत दोन्ही काठांत उतरतं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1675 च्या सुमाराला हे एका वाक्यात मांडलं होतं, लवचिक साखळी जशी लोंबते तशीच, पण उलटी, कमान उभी राहते. घरी एक साखळी दोन हातांत धरून बघा, मध्ये वजन अडकवलं की तिचा आकार बदलतो, कमानीच्या आतली दाबाची रेषासुद्धा वजनाप्रमाणे तशीच सरकते, आणि ती रेषा दगडांच्या जाडीच्या आत राहिली की पूल उभा. जॅक हेमन या इंजिनिअरने 1966 साली हे गणितात पक्कं बसवलं. कमानीतल्या दगडावरचा दाब त्याच्या ताकदीच्या मानाने इतका कमी असतो की दगड चुरडण्याचा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही, प्रश्न येतो तो आकाराचा. काठ किंचित सरकले तर कमानीत तीन ठिकाणी बिजागरीसारख्या भेगा पडतात आणि ती नवीन जागी निवांत बसते, पडायला चौथी बिजागरी लागते. म्हणून भेग दिसली की लगेच "धोकादायक" असा शिक्का मारू नका. भेग कुठे आहे आणि ती वाढतेय का, ते विचारा.

आकार चुकला की काय होतं ते बघायचं तर वेल्समधल्या पोंटिप्रिथच्या पुलाकडे बघावं. विल्यम एडवर्ड्सचा पहिला पूल अनेक खांबांचा होता, दोनेक वर्षांत पुराने वाहून नेला, कारण खांबांना कचरा अडकून पाणी तुंबलं. मग त्याने ठरवलं की नदीत खांबच नको, एकच कमान टाकायची, 140 फुटांची. पण ती उभारताना आधाराची लाकडं गेली, पुन्हा उभारली तर बाजूंचं वजन एवढं झालं की मधला भाग वर उचलला गेला आणि माथ्यावरचे कळीचे दगडच निसटले. जास्त वजनाने मध्ये खचला नाही, बाजूच्या वजनाने मध्ये वर आला! मग त्याने दोन्ही बाजूंना तीन तीन गोल भोकं ठेवून वजन कमी केलं आणि 1756 साली पूल उभा राहिला, तो अजून उभा आहे. एवढे पूल पडूनही हा माणूस कामाला चिकटून राहिला आणि प्रत्येक वेळी नेमकं काय चुकलं ते शोधलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता तुमच्या खात्यात सध्या चर्चेत असलेल्या एका उपायाबद्दल, आणि हा मुद्दा कृपया स्वतः वाचा. अनेक कमानींच्या पुलातली एक खराब कमान पाडून तिथे काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. साहेब, शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना रेटत असतात, दोन्हीकडचा रेटा सारखा म्हणून मधला खांब सरळ उभा असतो. फ्रान्समध्ये पेरोने या इंजिनिअरने हेच ओळखून खांब एकदम सडपातळ केले, पाण्याला जास्त वाट मिळाली, 1772 मध्ये पॅरिसजवळच्या न्युईच्या पुलाचं सेंटरिंग, म्हणजे कमानीखालचा तात्पुरता लाकडी आधार, राजासमोर काढलं. पण त्याची किंमत ही की अशा पुलातली एक कमान गेली तर खांब एकटा शेजारणीचा रेटा झेलू शकत नाही, ओळीने सगळ्या जातात. खांब किती जाड आहे हे न मोजता एक कमान पाडणं म्हणजे अख्खा पूल पाडायला सुरुवात करणं.

आणि आता खरं दुखणं. मागे एका पुलाखाली उतरलो होतो, पाणी घोट्याएवढंच होतं. कमानीच्या दगडांवर हातोडी मारत गेलो, एक दोन सोडले तर सगळ्यांचा आवाज खणखणीत. मग मधल्या खांबाच्या बुडाशी बसून सळई आत घातली, तर ती खालच्या थराखाली सरळ आडवी आत गेली, मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. पायाखालची माती पाण्याने खरवडून नेली होती, खांब अर्धा अधांतरी. याच पुलाचा रिपोर्ट माझ्याकडे होता, त्यात कठड्याच्या उडालेल्या प्लास्टरचे आठ फोटो आणि पायाबद्दल एक ओळ नाही. तपासणी वरूनच झाली होती हे उघड होतं. त्या दिवशी मी ओल्या कपड्यांत रस्त्यावर येऊन उभा राहिलो, वरून एक शाळेची बस गेली, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर 2009 च्या पुरात वर्किंग्टनचा नॉर्थसाइड पूल गेला आणि त्याच्यावर वाहतूक थांबवायला उभा असलेला पोलीस अधिकारी त्यात गेला. 29 डिसेंबर 2015 ला टॅडकॅस्टरचा जुना पूल अर्धवट कोसळला, तो आधीच बंद केला होता म्हणून कुणाचा जीव गेला नाही, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये तोच पूल दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला. कमानीच्या पुलांना खरा मारक म्हणजे पायाखालून जाणारं पाणी.

दुसरं पाणी वरचं. रस्त्यावरचं पाणी आतल्या भरावात झिरपतं, बाहेर पडायची छिद्रं डांबराखाली बुजलेली असतात, मग भिजलेला भराव बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो आणि भिंतीला पोट सुटतं. त्यावर आपण काय करतो, तर दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरून टाकतो. सिमेंट कडक आणि बंद, ओलावा दर्जांतून निघू शकत नाही म्हणून दगडातून निघतो, आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात, दर्जा मात्र नव्यासारख्या पुढे आलेल्या. चुना मऊ असतो, पूल हलला की तोही थोडा हलतो, बारीक भेगा हळूहळू स्वतः भरून काढतो. चुन्याला वेळ लागतो हे खरं, पण टेंडरमध्ये तेवढे दिवस धरा ना.

म्हणून मागणी एवढीच आहे. पाडायच्या यादीतल्या प्रत्येक पुलाचा प्रत्येक खांब पाण्यात उतरून, लागलं तर पाणबुड्या घालून तपासा आणि तो रिपोर्ट सगळ्यांना वाचायला ठेवा. पाया उघडा पडला असेल तिथे आधी वाहतूक थांबवा, मग खालून भरून घ्या, पायाभोवती मोठे दगड टाका. पुराची पातळी ठरवून द्या, तिच्यावर पाणी गेलं की पूल बंद, कुणाच्या परवानगीची वाट न बघता, आणि पूर ओसरल्यावर पाया पुन्हा तपासल्याशिवाय उघडायचा नाही. आणि चुन्याचं काम येणारे जे थोडे गवंडी आणि पाथरवट उरलेत त्यांच्या हाताखाली तरुण मुलं पगारावर ठेवा.

पाणी उतरलं की मी तुमच्या अधिकाऱ्यांना घेऊन कुठल्याही पुलाखाली यायला तयार आहे, मानधन नको. सळई मी आणतो, त्यांनी फक्त गमबूट घालून यावं.

आपला,
दगडी पुलांवर काम करणारा एक इंजिनिअर