सागाची पाहणी वळवापासून सुरू करा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

जूनअखेरीस साग खराट्यासारखा दिसू लागला की फवारणीची धावपळ होते. तोवर वेळ टळलेली असते. पाने खाणारी अळी दहा-बारा दिवसांत पोट भरून धाग्यावरून खाली उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. मग मारलेले औषध तिला लागत नाही, तिच्यावर जगणाऱ्या परजीवी माश्या मात्र मरतात.

सागावर दोन अळ्या येतात, त्यांची गल्लत नको. पहिली वळवानंतरच्या कोवळ्या पालवीवर येते आणि मधली शीर व जाड शिरा तेवढ्या ठेवते. दुसरी पावसाळा सरताना निबर पानांवर येते. पान उजेडाला धरले तर शिरांची नाजूक जाळी दिसते. केरळ वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या तरुण सागवनात मोजले, तेव्हा पहिलीमुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटलेली आढळली. दुसरीमुळे लक्षणीय घट दिसली नाही. दोन्हींवर सारखाच खर्च करणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

म्हणून कोल्हापूर वनवृत्तातल्या प्रत्येक साग रोपवनात २० झाडांवर रंगाने क्रमांक घालावेत. पहिल्या वळवापासून दर आठवड्याला आणि ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला प्रत्येकाची ५ पाने पाहावीत. झाडे आधीच ठरवलेली हवीत, नाहीतर नजर खाल्लेल्या झाडांकडेच जाते आणि आकडा फुगतो. जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद त्याच कागदावर असावी. हिवाळ्यात पानाची मागची बाजू बोटाने पुसावी. नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीजन्य रोग.

मेलेली अळीही नोंदवावी. कडक होऊन पांढरी किंवा हिरवी पूड धरलेली असेल तर बुरशी. मुळे खाणाऱ्या हुमणी अळीसाठी मेटारायझियम ही बुरशी वापरणारा इथला ऊसकरी ती हिरवी पूड लगेच ओळखेल. मऊ पडून पाणी सुटलेली असेल तर विषाणू. अशा मेलेल्या अळ्यांची संख्या वाढत असेल तिथे फवारणी थांबवावी.

फांदीछाटणी पावसाळ्यात नको. ओल्या जखमेतून कुजवणारी बुरशी खोडात शिरते. हे काम कोरड्या दिवसांतच व्हावे.

नोंदवही, रंगाचा डबा आणि वनरक्षकांना एक दिवसाचे प्रत्यक्ष झाडाखालचे प्रशिक्षण, एवढेच लागेल. आदेश मात्र एप्रिलमध्ये निघायला हवा, कारण पालवी आदेशासाठी थांबत नाही.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील वृक्ष व कीटक अभ्यासक